ओढ्यासमोरचं दार

शनिवारी सकाळी सुवा शहराच्या बाजारात नेमानीनं माझ्या हातातली अळूच्या कंदांची जुडी काढून घेतली, स्वतःच्या पिशवीत टाकली आणि म्हणाला, "उद्या रेडिओवर देवाच्या दाराचं सांगशील, तेव्हा माझ्या आजोबांचंही नाव घे. सुरुंगाच्या कांड्या त्यांनीच दिल्या होत्या तुम्हाला." भाजीवाली हसली. मीही हसलो. हसावंच लागतं. नेमानीचं गाव रेवा नदीच्या मुखाशी आणि माझं दूर कंदावू बेटावर, पण दोन्ही गावांचा मूळपुरुष एकच, आणि अशा गावांतले लोक एकमेकांचे तौवू. तौवूनं तौवूला वाटेल ते बोलावं, त्याच्या हातातली वस्तू उचलून न्यावी, आणि समोरच्यानं रागवायचं नाही. रागावला तो हरला. चाळीस वर्षं आमचं हेच चाललंय. त्याच्या मुलीच्या लग्नातून मी भाजलेलं अख्खं डुक्कर पळवलं होतं. माझ्या निवृत्तीच्या समारंभात त्यानं माझ्या साहेबांना सांगितलं होतं की हा माणूस तीस वर्षं सरकारी खर्चानं जमिनीला भोकं पाडत होता, एक तरी बुजवलं का ते विचारा. म्हणून त्या सकाळी बाजारात मीही सोडलं नाही. म्हणालो, "चिखलात जन्मलेल्यांकडे सुरुंग कशाला असतील रे? फोडायला दगड तरी आहे का तुमच्याकडे?" तो पाठ फिरवून चालायला लागला होता. जाताजाता म्हणाला, "आजोबा सुवाच्या खाणीत होते माझे. खोटं वाटत असेल तर सेरुवाया आत्याला विचार." आणि अंगठ्यानं टोपी मागे सारत गर्दीत शिरला.

भाजीवालीनं दुसरी जुडी पुढे केली. मी ती घेतली, पैसे दिले, बसमध्ये येऊन बसलो, आणि मग कुठे माझ्या लक्षात आलं की मला काय टोचलंय. थट्टेत कुणी साक्षीदाराचं नाव घेत नाही. चाळीस वर्षांत नेमानीनं मला हजार थापा मारल्या असतील, पण अमक्याला विचार असं एकदाही म्हटलं नव्हतं. आणि नाव घेतलं तेही माझ्या सख्ख्या आत्याचं.

मी स्वतःबद्दल सांगितलं पाहिजे, म्हणजे ते एवढं का लागलं ते कळेल. मी चर्चमधला प्रवचनकार आहे. पगारी पाद्री नव्हे, पाळीपाळीनं उभे राहणाऱ्या साध्या लोकांपैकी एक. पण माझी पाळी असली की चर्च भरतं, हे मी सांगायला लाजत नाही. लोक मला दगडवाला म्हणतात. तीस वर्षं मी सरकारच्या भूगर्भ खात्यात बोअरिंगच्या यंत्रावर होतो. बेटाबेटांवर जाऊन पाण्यासाठी भोकं पाडली, जमिनीच्या पोटातून दगडाच्या लांब कांड्या वर काढल्या, त्या ओल्या फडक्यानं पुसून पेटीत क्रमानं लावल्या. शिकलेले साहेब नंतर यायचे आणि माझ्याकडून ऐकून लिहून न्यायचे. त्या कांड्यांचे तुकडे मी पिशवीत घालून प्रवचनाला नेतो. हा बघा लाव्हा, कधीकाळी उकळत होता, आज तुम्ही ज्याची मुळं कुटून पिता तो यंगोना ह्याच्याच मातीत वाढतो. हा बघा चुन्याचा दगड, एका किड्याएवढ्या जिवानं बांधलेला. हे तुकडे पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हातोहात फिरतात, आणि दगड हातात आला की माणूस गप्प होतो. कॉलेजातली पोरंसुद्धा गप्प होतात. मग मी माझं खरं सांगायला लागतो. डोंगर कशाला उभा केला देवानं? ढग अडवायला. ढग अडला की पाऊस, पाऊस पडला की ओढा, आणि ओढा समुद्राला मिळतो तिथं काय होतं? बेटाभोवती प्रवाळाची भिंत असते, मोठ्या लाटा बाहेरच्या बाहेर थोपवणारी. ती भिंत नसती तर आपली गावं केव्हाच वाहून गेली असती. पण भिंतीला दार नसेल तर होडी आत यायची कशी? आता गंमत बघा. प्रवाळाला गोडं पाणी सोसत नाही. जिथं ओढ्याचं पाणी जातं, तिथं तो वाढत नाही. म्हणजे जिथं प्यायला पाणी, तिथंच भिंतीला दार. घराची जागा आणि घराचं दार एकाच हातानं आखलंय. हे आपोआप झालं म्हणणाऱ्यानं माझ्याबरोबर यावं, मी त्याला एकेक दार दाखवतो. आणि सगळ्यात शेवटी मी माझ्या गावाचं दार सांगतो. मातासावाचं. ते असं सरळ, असं नीट, की बारक्या मुलांनीसुद्धा होडी आत आणावी. गावात त्याला देवाचं दारच म्हणतात. त्या दाराच्या एका अंगाला, पाण्याखाली दोन हात, देवाच्या बोटाचा ठसा आहे. मी तो हातानं चाचपलाय. हे ऐकताना बायका डोळे पुसतात. आणि ह्या रविवारचं माझं प्रवचन रेडिओवरून साऱ्या बेटांना ऐकवणार होते.

बसला खिडक्या असतात, काचा नसतात, वारा तोंडावर येत होता, आणि मी माझ्या मांडीवर तर्जनीनं एक रेघ ओढत होतो. वरून खाली, सरळ. मी आठ वर्षांचा असताना पहिल्यांदा बुडी मारून तो ठसा पाहिला. खडकात एक अर्धी पन्हळ होती, माझ्या हाताएवढी लांब, दोन बोटं बसतील एवढी रुंद, आतून गुळगुळीत. मी त्यात बोटं ठेवली तेव्हा अंगावर काटा आला होता, पाणी कोमट असूनसुद्धा. वर येऊन आजोबांना सांगितलं. आजोबा किनाऱ्यावर जाळं सोडवत बसले होते. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती, शार्कनं नेली असं आम्हा मुलांना सांगायचे. ते म्हणाले, "देवाचं बोट असेल." एवढंच. पुन्हा जाळ्याकडे वळले. त्या दिवसापासून मी देवाचा. पुढे दगडाच्या नोकरीत गेलो तेसुद्धा त्या पन्हळीमुळेच, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण खरं आहे. आणि आता बसमध्ये, सरकारी इस्पितळासमोरच्या चढावर, मांडीवर ओढलेल्या रेघेकडे बघताना माझं बोट थांबलं. कारण तशा पन्हळी मी शेकडो पाहिल्या आहेत. रस्त्यासाठी डोंगर फोडतात तिथं, खाणीत, बंदराच्या कामात. दगडात छिन्नीनं गोल भोक घेतात, त्यात सुरुंग भरतात, बार उडाला की दगडाचा पुढचा भाग जातो आणि मागच्या भागावर भोकाची अर्धी बाजू उरते. सरळ, गुळगुळीत, दोन बोटं बसतील एवढी. भोकांशिवाय दुसरं काही न केलेल्या माणसाला भोक ओळखू आलं नाही.

ओळखू आलं नाही, की ओळखायचं नव्हतं? घरी पोचेपर्यंत मी हेच उगाळत होतो. माझ्या बायकोनं, लितिआनानं, जुडी हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "ही कसली किडकी आणलीत? चांगली नेमानीनं नेली वाटतं." मी हो म्हटलं. "आणि तोंड का असं? उद्याचं पाठ नाही झालं?" मी म्हटलं पाठ आहे. पाठ असण्याचाच त्रास होता. दुपारभर मी ओसरीवर पिशवीतले दगड पुसत बसलो आणि मनातल्या मनात नेमानीला खोटं ठरवत राहिलो. मातासावाच्या लोकांकडे छिन्नी कुठली? असली तरी पाण्यात भोक कसं घेणार? ओहोटीला, माझंच मन उत्तर द्यायचं, मोठ्या ओहोटीला भिंत उघडी पडते. मग गावात कुणी बोललं का नाही? एवढं मोठं काम गाव लपवेल का? मी त्या एका गोष्टीला धरून बसलो. आमचं गाव काही लपवणारं गाव नाही. कुणी मोठा मासा धरला तर तीन पिढ्या ऐकवतात.

खरं दुखणं वेगळंच होतं, ते झोप येईना तेव्हा कळलं. दार माणसांनी फोडलं असेल तर देवानं ते ठेवलं नव्हतं. कंदावूला मी गावोगाव हिंडलोय. मोठ्या ओढ्यांसमोर दारं आहेत, खरोखरची, कुणी हात न लावलेली. त्यांचं मी सांगतो ते सगळं खरंच राहणार होतं, दगड खोटं बोलत नाहीत. फक्त माझ्या गावासमोर देवाचा हात अडला होता. आमचा ओढा बारीक आहे, उन्हाळ्यात तर पाऊल भिजण्यापुरता. सगळ्या घरांना दारं ठेवून मालकानं आमच्याच घराची भिंत सलग बांधली, आणि त्याच घरातला मी त्याच्या कारागिरीच्या बढाया मारत तीस वर्षं हिंडत होतो. मला देवाचा राग आला. प्रवचनकार असून सांगतो, चांगला सणसणीत राग आला.

रविवारी सकाळी आत्याला चर्चला न्यायला मीच जातो. ती ब्याऐंशीची आहे. मुलीकडे राहते, पांढरा झगा घालून दारातल्या खुर्चीत नऊलाच तयार बसते आणि कुणी उशिरा आलं की दिवसभर ऐकवते. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. आत्याशी आमच्यात वरून बोलत नाहीत, खाली बसूनच बोलतात. म्हटलं, "आत्या, नेमानी काल बाजारात काहीतरी बरळला. आपलं दार त्याच्या आजोबांच्या सुरुंगानं फोडलं म्हणतो."

आत्यानं हातातल्या बायबलावरची धूळ पुसली. धूळ नव्हती. म्हणाली, "त्याला कुणी सांगितलं?"

"म्हणजे खरं आहे?"

"त्याला सांगायचं नव्हतं. कुणालाच सांगायचं नव्हतं. मी आठ वर्षांची होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातलीय बाबांनी." तिनं बायबल मांडीवर ठेवलं. मग मला वाटलं त्यापेक्षा सहज बोलायला लागली, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होती. "माझी मावशी अडली होती. मूल आडवं आलं होतं. होडीत घातली, मोठ्या गावाला न्यायची म्हणून, आणि ओहोटी लागली. भिंतीच्या आतच होडी बसली. चार तास. आम्ही किनाऱ्यावर उभे. तिचा आवाज येत होता, मग यायचा बंद झाला. त्यानंतर बाबा सुवाला गेले. आपला तौवू, नेमानीचा आजोबा, खाणीत होता, त्याच्याकडे मागितलं, त्यानं विचारलंसुद्धा नाही कशाला. तौवूला विचारायचं नसतं. पुढे कळलं असणार त्याला, त्याच्याकडूनच नेमानीला. अकरा जण होते आपल्याकडचे. सात महिने ओहोटी बघून जायचे, एक छिन्नी धरून फिरवायचा, दोघं घण मारायचे. जागा ओढ्यासमोरचीच धरली, तिथं दगड खचलेला होता, बाकीच्यासारखा टणक नव्हता."

"खचलेला होता?" मी विचारलं.

"अर्धा तर पोकळच होता, बाबा म्हणायचे. नाहीतर अकरा जणांचं काम नव्हतं ते. पण बुडाचा दगड राहिला होता, आणि तो उघडा पडायचा फक्त वर्षातल्या सगळ्यात मोठ्या ओहोटीला. ती आली रविवारी. भर दुपारी." तिनं माझ्याकडे बघितलं. "समजलं का, का नाही बोलले?"

समजलं. रविवारी आमच्याकडे कुणी चूल पेटवत नाही, शनिवारी जमिनीत पुरून शिजवलेलं खातात. रविवारी जाळं टाकत नाहीत, नारळ पाडत नाहीत. माझ्या लहानपणी रविवारी शिट्टी वाजवली म्हणून मी मार खाल्ला आहे. आणि त्या अकरा जणांनी, त्यात दोघं चर्चचे कारभारी, रविवारी प्रार्थना सोडून समुद्रात सुरुंग उडवला होता. "पाद्रींची शेवटची प्रार्थना चालू होती," आत्या म्हणाली. "एवढा मोठा बार झाला की छपरातून पाल पडली. पाद्री थांबले. डोळे मिटलेलेच. मग म्हणाले आमेन, आणि सगळ्यांना घरी पाठवलं. संध्याकाळी बाबा हाताला फडकं गुंडाळून त्यांच्याकडे गेले. वात तोकडी कापली गेली होती, दोन बोटं तिथंच राहिली. पाद्रींनी विचारलं, अपिसाई, दार कुणी उघडलं? बाबा म्हणाले, देवानं. पाद्री म्हणाले, मग तसंच सांगा सगळ्यांना. म्हणून सांगितलं. त्यानंतर गावात बाळंतपणात एकसुद्धा बाई दगावली नाही, तू मोजून बघ."

"आज मी काय बोलू मग?"

"मला काय विचारतोस? प्रवचन तुझं आहे. चल, उशीर झाला."

टॅक्सीत ती पुढे बसली आणि मी मागे, दगडांची पिशवी मांडीवर घेऊन. मला लाज वाटायला हवी होती, आजोबांची नाहीतर माझी. वाटत होता तो अभिमान, इतका की पोटात मावेना. मी जे आयुष्यभर बसून, तेलपाण्याच्या यंत्रानं केलं, ते माझ्या आजोबांनी कमरेएवढ्या पाण्यात घणानं केलं होतं. आणि मग चर्चजवळच्या गवताच्या मैदानापाशी टॅक्सी थांबली तेव्हा माझ्यातला दगडवाला जागा झाला. खचलेला होता, आत्या म्हणाली. खचणारच. बारीक का होईना, ओढा हजारो वर्षं तिथून जात होता. आणि दुसरं म्हणजे, प्रवाळाची भिंत फोडली तरी ती परत वाढते. माझ्या डोळ्यांदेखत बंदराकडच्या फोडलेल्या जागा भरत आल्या आहेत. आमचं दार सत्तर वर्षांहून जास्त उघडं आहे. ती पन्हळसुद्धा भरली नाही, माझी बोटं तिच्यात बसली, ती ओढ्याच्या गोड्या पाण्यामुळे. देवानं अर्धं काम केलं होतं आणि पुढचं राखत होता. मधलं काम त्यानं बरोबर अकरा माणसांच्या मापाचं ठेवलं होतं. मला कधी कुणी असा मान दिला नव्हता.

पण हे रेडिओवर बोलायचं म्हणजे आजोबांना साऱ्या बेटांसमोर रविवार मोडणारे म्हणायचं. गावात आज सगळे रेडिओभोवती बसलेले असणार. न बोलता जुनंच प्रवचन म्हणायचं, तर त्या अकरा जणांना पुन्हा समुद्रात बुडवायचं, आणि ह्या वेळी मला ठाऊक असताना. मी दगडांची पिशवी घेऊन व्यासपीठाच्या पायऱ्या चढलो. समोर मातासावाची सुवातली सगळी घरं दोन रांगा भरून बसली होती. आत्या पहिल्या बाकावर. खांबापाशी नेमानी, कमरेला लुंगीसारखा नवीन सुलू आणि गळ्यात टाय, मला चिडवायला जिभेनं गाल फुगवत.

दगड फिरले. डोंगर, ढग, ओढा, भिंत, सगळं पाठ होतं तसं आलं. मग मी थांबलो. रेडिओवाल्यानं मान वर केली. मी म्हणालो, "माझ्या गावाच्या दाराबद्दल मी तीस वर्षं तुम्हाला जे सांगितलं ते अर्धंच होतं. देवानं तिथं दगड खचवून ठेवला, आणि दार फोडायचं आमच्यावर सोडलं. आमच्या लोकांनी ते फोडलं, रविवारी, प्रार्थनेच्या वेळी, कारण पाणी त्याच दिवशी उतरलं. एक बाई होडीत मेली होती, दुसरी मरू नये म्हणून. पाप असेल तर ते आमच्या गावावर लिहा, आम्ही ते मानानं घेऊ. बोटाचा जो ठसा मी सांगायचो तो छिन्नीचा आहे. तो मला आता जास्त पवित्र वाटतो." पाद्रींनी डोळे मिटले होते. मी नावं घ्यायला लागलो. आत्यानं टॅक्सीतून उतरताना माझ्या तळहातावर एकेक बोट दाबत ती सांगितली होती. एमोसी. माथिऊ. रोपाते. तिसऱ्या नावाला दुसऱ्या रांगेतला एक म्हातारा उभा राहिला, रोपातेचा नातू. मग पहिल्या दोघांचीही माणसं उठली, मग पुढची नाव घेतल्याबरोबर उठत गेली, बायका, मुलं कडेवर घेऊन. अकरावं नाव अपिसाईचं. आत्याला उठवत नाही, तिनं फक्त हात वर केला.

मला वाटलं झालं. पण नेमानी माझ्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा होता, थट्टा पुसलेला. बाजारात तो गंमत करत नव्हता. त्यानं माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं, आणि मागायची आम्हा दोघांना एकच रीत येत होती. मी माईकवरून, सगळी बेटं ऐकत असताना, चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला सरळ विचारलं, "तौवू, तुझ्या आजोबांचं नाव काय?"

टायची गाठ सैल करून तो उभा राहिला. "वाइसाके," तो म्हणाला.

"बारावे वाइसाके," मी म्हणालो, आणि मातासावाची जी माणसं उभी होती ती त्याच्याकडे वळून उभी राहिली.